तुझे उरलेले ग्लास

वोल्फ्सबुर्ग,
रविवार, १६ मार्च २०२५

प्रिय कपिल,

सप्रेम नमस्कार. तुझी मेल येऊन नऊ दिवस झाले आणि मी आज लिहायला बसतोय, तेही हाताने. रागावू नकोस. काका-काकू कसे आहेत? काकांचा गुडघा? स्वानंदीने शिकवण्या पुन्हा सुरू केल्या म्हणून लिहिलंस, बरं वाटलं.

मी ठीक आहे. थंडी गेली म्हणेपर्यंत परत येते. वोल्फ्सबुर्ग तुला आवडलं नसतं. गाड्या बनवणाऱ्यांचं गाव, गाडी नसेल तर इथे दूधसुद्धा मिळत नाही. रविवारी खिडकीतून बघितलं तर समोरच्या म्हाताऱ्याचं कुत्रं दिसतं, तेवढंच.

यंदाचे तुझे अंदाज वाचले. हंगामाचा पहिला सामना परवा टोकियोत आहे, म्हणजे तू वेळेत पाठवलेस. सांगलीत बसून अमेरिकेतल्या बेसबॉलची भाकितं करणारा तू एकटाच असशील. तिकडे गेल्यापासून हे तिसरं वर्ष. दर मार्चला तू सहा नावं आणि प्रत्येकाची कारणं लिहून पाठवतोस, आणि मी खाली एक अंगठा टाकून मोकळा होतो. तू कधी तक्रार केली नाहीस.

गुरुवारी रजा टाकून कायझर्सलाउटर्नला, आपल्या जुन्या गावी, गेलो होतो. का ते पुढे लिहितो. परतताना डगकडे डोकावलो. तो तसाच आहे. अमेरिकन तळावर विमानं दुरुस्त करता करता इथलाच झालेला माणूस, अजून जर्मन बोलताना घाबरतो. गॅरेजमधली त्याची ती छोटी ब्रुअरी आता जरा मोठी झालीये. मार्चचा कार्यक्रम अजून चालू आहे: बेसबॉलचे सहा गट, गटाला एक बिअर. चव घ्यायची, कागदावर लिहायचं कशाची चव लागली, आणि त्याखाली त्या गटात यंदा कोण पहिलं येणार. त्याने विचारलं, "व्हेअर इज द टर्मरिक गाय?" तुला तिथे अजून त्याच नावाने ओळखतात. पहिल्याच वर्षी एका बिअरचा वास घेऊन तू म्हणाला होतास, हळदीचं पेव उघडल्यावर येतो तसा वास आहे. आणि त्या काळ्या बिअरला म्हणालास, काहिलीच्या कडेला करपून चिकटलेला गूळ. सगळे जर्मन 'कॉफी', 'चॉकलेट' लिहीत होते. डगने तुझं वाक्य इंग्रजीत करून घेतलं आणि फळ्यावर लिहिलं.

मी काय लिहायचो ठाऊक आहे? 'कडू.' सहाच्या सहा वेळा. फार तर 'जास्त कडू'.

तू शिफारसपत्र मागितलंस. बर्लिनच्या त्या संशोधन संस्थेची जागा तुझ्यासाठीच काढल्यासारखी आहे. पत्र लिहिलं आहे, सोबत आहे. कागदपत्रांवरही एकदा नजर टाक म्हणालास. टाकली. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण त्याआधी दुसरं काही लिहिल्याशिवाय ते लिहिता येणार नाही. नऊ दिवस त्यातच गेले.

२०२१च्या हंगामाची तुला वेगळी आठवण करून द्यायला नको. तू अटलांटा लिहिलंस आणि सगळे हसले. जुलैत त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू गुडघा मोडून घरी बसला, तेव्हा मी तुझा कागद डगच्या फळ्यावरून काढून सगळ्यांना वाचून दाखवला होता. नोव्हेंबरमध्ये अटलांटा जगज्जेता झाला. त्या शुक्रवारी डगने तुला टेबलावर उभं केलं. मी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, "रंग्या, पुढच्या वर्षी माझा कागद कॉपी कर, तुला जिंकवतो." चेष्टाच होती, कपिल. मला कळत होतं चेष्टा आहे म्हणून. पण प्रयोगशाळेतही तेच चाललं होतं. माझं गणित अडलं की तू येऊन उभ्या उभ्या सोडवायचास, वर सगळ्यांना सांगायचास की रंग्यानेच सोडवलं. तुझ्या उदारपणाचा मला जितका राग यायचा तितका दुष्टपणाचा कोणाचा आला नसता.

मग तो रविवार. दुपारी तुझा फोन आला आणि मी गाडी घेऊन आलो. स्वानंदीला चौथा महिना होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हॉस्पिटलच्या दारात तू मला म्हणालास, "इन्स्टिट्यूटमध्ये कुणाला बोलू नकोस. तिला कुणाची कीव नकोय." मी हो म्हणालो.

सोमवारी दहाला प्रकल्पाचं सादरीकरण होतं, पैसे देणारे लोक बसले होते, आणि तू नव्हतास. तुझा भाग मी कसाबसा दाखवला. नंतर प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. ते चिडलेले नव्हते. म्हणाले, "मिस्टर केतकर, शुक्रवारी तुम्ही सगळे त्या अमेरिकन माणसाकडे होतात असं ऐकलं. त्याचं आज न येणं, ते त्यामुळे का?"

'घरची अडचण आहे' एवढं म्हटलं असतं तरी तुझा शब्द मोडला नसता. मी हसलो. म्हणालो, "आता काय सांगू, त्याला बिअर फार प्रिय."

"म्हणजे हे नेहमीचं आहे?"

"गेनाऊ," मी म्हणालो.

एक शब्द: अगदी बरोबर. पुढे कित्येक महिने मी स्वतःला समजावत होतो की जर्मन माझी कच्ची, आपल्या 'म्हणजे'सारख्या त्यांच्या 'आल्झो'गत तोही तोंडातून असाच निसटतो. नाही निसटला. आपल्या दोघांत नोकरीची मुदतवाढ एकालाच मिळणार होती आणि ते मला, तुला, त्यांना, तिघांना ठाऊक होतं.

आणि तू तर ग्लास कधी संपवलाच नाहीस. एक घोट घ्यायचास, जिभेवर फिरवायचास, लिहायचास आणि ग्लास माझ्याकडे सरकवायचास. सहा माझे आणि तुझे उरलेले सहा. दर वर्षी बसस्टॉपपर्यंत मला धरून तूच न्यायचास.

दोन आठवड्यांनी मला मुदतवाढ मिळाली. स्वानंदीला जेमतेम उभं राहवत होतं, तरी तिने माझ्यासाठी शिरा केला. मी दोनदा घेतला.

आता तुझ्या कागदपत्रांबद्दल. तुझ्या त्सॉयग्निसमध्ये, नोकरी सोडताना संस्थेने दिलेल्या त्या प्रमाणपत्रात, शेवटून दुसरं एक वाक्य आहे. तू ते पेन्सिलीने अधोरेखित केलं आहेस. 'आपल्या मनमिळाऊ स्वभावाने त्यांनी संस्थेतील वातावरण आनंदी ठेवण्यास हातभार लावला.' काकांना तू ते फोनवर वाचून दाखवलं होतंस, मी शेजारी बसलो होतो.

इथे प्रमाणपत्रात उघड वाईट लिहिता येत नाही, म्हणून वाईट ते गोड शब्दांत लिहायची एक रीत आहे. ती आपल्याला कोणी सांगितली नव्हती. इथे ऑफिसात नैना म्हणून एक आहे, नागपूरची, एचआरमध्ये. तिने जेवताना हसत हसत अशी वाक्यं सांगितली. 'मनमिळाऊ, वातावरण आनंदी ठेवणारा' याचा अर्थ, हा माणूस पितो. वाचणाऱ्या प्रत्येक जर्मनाला तो कळतो. तू जर्मनीत सहा महिने अर्ज करत होतास आणि 'लायडर'ने, म्हणजे 'खेद आहे'ने, सुरू होणारी नकाराची पत्रं येत होती, ती का, हे मला त्या जेवणात कळलं. सांगलीहून तू पाठवलेल्या अर्जांचंही तेच झालं असणार.

नैनाने हे सांगितलं ते २०२३च्या ऑक्टोबरमध्ये. आता मार्च २०२५ आहे. हे वाक्य मी तीन वेळा खोडून परत लिहिलं.

म्हणून गुरुवारी प्रोफेसरांकडे गेलो. निवृत्त झालेत, घरामागच्या बागेत गुलाबांची छाटणी करत होते. मी सगळं सांगितलं. हॉस्पिटलचंही सांगितलं, तुझा शब्द शेवटी मोडलाच. त्यांनी कात्री खाली ठेवली नाही. म्हणाले, "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी चौकशी केली असती. तुम्ही त्याचे मित्र होतात, म्हणून मी विश्वास ठेवला."

मी म्हणालो, "ते वाक्य काढून नवं प्रमाणपत्र द्यायला सांगाल का?"

"तेव्हा तुम्ही खोटं बोललात की आज बोलताय, हे मी कसं ठरवू?" त्यांनी विचारलं. मग दोन फांद्या कापल्या आणि म्हणाले की इतक्या वर्षांनी संस्था काही बदलणार नाही, आणि मला ट्रेन गाठायची असेल तर निघायला हवं. मी गाडीने आलो होतो. तरी निघालो.

तर, ते प्रमाणपत्र बर्लिनला पाठवू नकोस. आजवर पाठवलंस तिथलं मला काही करता येणार नाही. सोबत दोन कागद आहेत, दोन्ही सहीचे, मूळ प्रती. एक शिफारसपत्र. दुसरं त्या संस्थेच्या पर्सोनालआबटायलुंगला, म्हणजे नोकरभरतीच्या विभागाला लिहिलेलं पत्र: ८ नोव्हेंबर २०२१ला मी प्रोफेसरांना तुझ्याबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं. तिथे एक प्रत काल टाकली. ही तुझ्यासाठी. कुणालाही दाखव.

माझी मुदतवाढ दीड वर्षात संपली. त्यातून एक धड शोधनिबंधही बाहेर आला नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, आणि कीव यावी म्हणूनही नाही. ज्यासाठी केलं ते काय होतं, एवढं तुला कळायला हवं.

माफी मागायला बसलो की वाक्य जमत नाही. तू फोन करून शिव्या दिल्यास तर ऐकीन. केला नाहीस तर तेही बरोबर आहे.

काका-काकूंना नमस्कार सांग म्हणायची सवय आहे. सांगू नकोस.

श्रीरंग

~

सांगली,
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

श्री. श्रीरंग केतकर यांस,

आपले पत्र आणि सोबतचे दोन्ही कागद मिळाले.

बर्लिनचा अर्ज काल पाठवला. ते प्रमाणपत्र जोडले नाही. आपले शिफारसपत्र जोडले आहे. दुसऱ्या कोणाचे मिळाले असते तर ते जोडले असते, पण मला जर्मनीत ओळखणारे दुसरे कोणी नाही. नोकरी मला हवी आहे. त्यामुळे आपल्या सहीचा उपयोग करून घेत आहे, याचा अर्थ याहून जास्त काही काढू नये.

आपण नोव्हेंबरच्या त्या सोमवारबद्दल पानभर लिहिले आहे. मत्सर मला तेव्हाही दिसत होता. एका मिनिटात माणसाच्या तोंडून काय जाईल ते सांगता येत नाही. ते मी कदाचित कधीतरी समजून घेतले असते. पण २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याला त्या वाक्याचा अर्थ कळला. त्यानंतर मी तो कागद सतरा ठिकाणी पाठवला. काल बसून यादी काढली. प्रत्येक वेळी आपल्याला आधी कळवत होतो आणि आपण 'ऑल द बेस्ट' लिहीत होतात. सतरा वेळा. याला मिनिट म्हणत नाहीत.

मी हुशार नाही असे मी घरी सांगितले होते. बाबांना ते पटले नाही, पण मला पटले होते. गेली दोन वर्षे मी एका खाजगी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो आणि सतराव्या नकारानंतर संशोधनाचे नाव काढत नव्हतो. बर्लिनची जाहिरात स्वानंदीने शोधून माझ्यासमोर ठेवली, म्हणून हा अर्ज झाला.

बाबांना त्या वाक्याचा अर्थ सांगितलेला नाही. सांगणारही नाही.

स्वानंदीला आपले पत्र दाखवलेले नाही. त्या रविवारी गाडी चालवताना आपण एकदाही मागे वळून पाहिले नाही, तिला संकोच होऊ नये म्हणून, हे ती अजूनही सांगते. परवा शेजारच्या काकूंनी तिला विचारले, तिकडे परत गेलात तर तुमचे असे कोण आहे? तिने लगेच आपले नाव सांगितले. तिचे त्या देशात एवढेच काय ते उरले आहे, आणि तेही काढून घेणे मला जमत नाही. तेव्हा तिचा फोन आला तर उचलावा आणि पूर्वीसारखेच बोलावे. माझ्याशी बोलू नये.

आपला,
कपिल