पंप क्रमांक चारवरील डबी आणि नारळाचे तीन ठोके

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
रायधार रसायन कारखाना,
महाड औद्योगिक वसाहत, जि. रायगड.

अर्जदार : हाशिम अझीम मुकादम, फिटर, रा. नाते, ता. महाड.

विषय : पंपाचा घातपात केल्याचा ठपका मागे घेण्याबाबत व पंपावर चिकटवलेल्या डबीची जबानी घेण्याबाबत.

संदर्भ : निलंबनाचे आपले पत्र, दि. ६ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार या कारखान्यात पंपांची देखभाल करतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, आणि आत काय बिनसले आहे ते ऐकायचे, ही त्याची जुनी रीत. उन्हाळ्यात कंपनीने प्रत्येक पंपावर साबणाच्या वडीएवढी एक डबी चिकटवली. पंप किती थरथरतो, किती तापतो हे ती परस्पर पुण्याच्या कार्यालयाला कळवते, आणि मग पुण्याहून महाडला फोन येतो की तुमचा अमुक पंप आजारी आहे. शेजारी उभ्या माणसाला सोडून थेट पुण्याला सांगणाऱ्या वस्तूवर विश्वास कसा ठेवावा, हे अर्जदाराला अद्याप उमगलेले नाही.

२. तथापि खरे ते सांगितले पाहिजे. पावसाळ्यात दोन नंबरच्या पंपाचे बेअरिंग जाणार, हे या डबीनेच आधी सांगितले. अर्जदाराच्या कानाला ते लागले नव्हते. पंप वाचला. मात्र त्या दिवसापासून अर्जदाराचा संशय कमी न होता वाढला. जिला एवढे बारीक ऐकू येते, तिला आणखी काय काय ऐकू येत असेल?

३. संशयास कारणेही घडली. अर्जदाराचे सहकारी काशीराम यांनी चार नंबरच्या पंपापाशी उभे राहून कँटीनच्या डाळीला नावे ठेवली, तर दुसऱ्याच दिवशी डाळ आणखी पातळ झाली. अर्जदाराने जेवणाचा डबा गरम राहावा म्हणून डबीला टेकवून ठेवला, तर पुण्याहून विचारणा आली. तेव्हापासून पंपासमोर सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. काशीराम तर रजा मागायची झाली तरी साहेबांना बॉयलरमागे घेऊन जातात. भिंतीला कान असतात हे ऐकले होते, पंपालाही फुटले म्हणायचे. घरी पत्नी आयशा हिने मिक्सर लावला की अर्जदार बोलता बोलता गप्प होतो. त्यावरून झालेल्या भांडणाचा तपशील या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

४. आता मूळ प्रकार. खंडेनवमीला या खात्यात यंत्रे धुऊन हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. ज्याचे हात वर्षभर पंपात जास्त राबले त्याने नारळ फोडायचा, असा खात्याचा पायंडा आहे. त्यानुसार बरीच वर्षे तो मान अर्जदाराकडे आहे आणि आजवर त्यात कोणी कोणाचा धर्म काढलेला नाही. यंदा चार नंबरचा पंप बंद करून पूजा मांडली. खात्यातल्याच सुनील यांनी आणलेला नारळ भलताच कडक निघाला. पंपाच्या चौथऱ्यावर आपटला, फुटला नाही. पुन्हा आपटला, तरी नाही. काशीराम म्हणाले, "हाशिमभाय, जेवला नाय काय रे? जोर लाव की!" तिसऱ्या ठोक्याला फुटला. खोबरे सर्वांनी खाल्ले, शिफ्टचे सुहास साहेब यांनी दोनदा मागून घेतले. उदबत्ती डबीच्या अगदी जवळ खोचली गेली, एवढी चूक अर्जदार कबूल करतो.

५. डबीने लागलीच पुण्याला कळवले की बंद पंपाला बाहेरून तीन ठोके बसले व नंतर तो तापला. पुण्याचे कार्यालय त्या दिवशी पूजेनिमित्त बंद होते. तिथल्या संगणकांनाही हार घातले होते असे कळते. म्हणजे यंत्राने यंत्राला सांगितले, अहवाल आपोआप महाडला आला आणि अर्जदार घरी बसला. सबब डबीला चौकशीत हजर करून तिची उलटतपासणी घ्यावी, अशी अर्जदाराची मागणी होती. तिला हात नसल्याने शपथ कशी द्यावी, हे आपण ठरवायचे होते.

६. परंतु हा अर्ज येथवर लिहून झाल्यावर मुलगी सादिया हिने तो इंग्रजी अहवाल अर्जदाराला वाचून दाखवला. त्यात वेळ आहे, ठोके आहेत, उष्णता आहे. घातपात हा शब्द नाही. अर्जदाराचे नावही नाही. डबीला नावगाव कळत नाही. पंपाभोवती त्या दिवशी अख्खे खाते उभे होते. तो शब्द, आणि त्यापुढे अर्जदाराचे नाव, निलंबनपत्रात इथे महाडात कोणीतरी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. डबीवर नाहक आळ घेतल्याबद्दल अर्जदार दिलगीर असून तिच्याविरुद्धची तक्रार मागे घेत आहे.

७. अर्जदाराला कामावरून काढायचेच असेल तर कान गेले म्हणून काढावे, वय झाले म्हणून काढावे, डबी आली आता तुझे काम नाही म्हणून काढावे. तो कोठेही दाद मागणार नाही. पण साहेब, घातपात हा शब्द काशीरामच्या नावापुढे लागला असता तर सगळे हसले असते. हाशिमच्या नावापुढे लागला की कोणी हसत नाही. परवा सादिया नोकरीचा अर्ज भरत होती. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला. अर्जदाराला भीती वाटते, आणि हे लिहून देण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

८. तरी तो शब्द कोणी लिहिला, हे अर्जदारासमक्ष विचारावे व शब्द खोडावा. जोवर उत्तर मिळत नाही तोवर, ज्यांनी त्या दिवशी अर्जदाराच्या हातून खोबरे घेतले त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे तो संशयाने पाहत राहील. काशीरामकडेसुद्धा. ती पाळी मात्र अर्जदारावर आणू नये, ही विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेला नम्र,
(सही)
हाशिम अझीम मुकादम
नाते, दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. निलंबनपत्राची प्रत
२. डबीच्या अहवालाची प्रत
३. पूजेचा फोटो (नारळ अर्जदाराच्या हातात, मागे सर्व जण हसत आहेत)