गिअरचे तेल इंजिनात ओतणाऱ्या भावाला वगळून

मी, वल्लरी हिंमतराव दांगट, वय ४६, व्यवसाय जुन्या लष्करी ट्रकांची दुरुस्ती, राहणार नारायण पेठ, पुणे, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. सोमवारी माझे ऑपरेशन आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या आठवड्यात जे पाहिले त्यानंतरही ते ठिकाणावर राहिले, हाच त्याचा पुरावा समजावा. दबाव कोणाचा नाही.

१. माझा फ्लॅट आई मुक्ताबाई हिने हयातभर वापरावा. नंतर तो माझी भाची उत्कर्षा हिचा. बँकेतील शिल्लक आईच्या औषधपाण्यासाठी. त्यातून देवळाला देणगी देऊ नये. गुडघे आईचे दुखतात, देवाचे नाहीत.

२. कात्रजच्या शेडमधील हत्यारे माझ्याबरोबर काम करणाऱ्या संपतला. पाने कोणाला उसने देऊ नयेत.

३. ट्रकविषयी. बाबांनी तो लष्कराच्या लिलावातून घेतला, पुढे माझ्या नावावर केला. त्याचा तेलाचा फिल्टर कापडी होता. बाबा तो डिझेलमध्ये धुऊन परत बसवत. मी नळ्या बदलून हल्लीचा कागदी फिल्टर बसवला, जो वापरून फेकायचा असतो. तपासण्यांसाठी मी दवाखान्यात असताना माझे थोरले बंधू श्रीनिवास यांनी तो धुतला. "बाबा धुवायचे," हे कारण. कागदाचा लगदा झाला, तेलाच्या वाटांत गेला, आणि दाबाचा काटा पडला. ट्रक आम्ही विकायला काढला होता, आणि गिऱ्हाईक तर यायचे होते. मग दादाने इंजिनात गिअरचे जाड तेल ओतले. काटा वर गेला.

मी परत येऊन तेल मोजायची पट्टी ओढली, तर काकवीसारखी तार आणि कुजक्या अंड्यांचा वास. हात कितीदा धुतले तरी जेवताना तोच वास. जाहिरातीत दादाने 'चालू कंडिशन' लिहिले होते. चालू कोण, ते लिहिले नव्हते.

"अगं, गिऱ्हाईक काटा बघतं. आत कोण बघतंय?"

"हा माणूस यातून ट्रेकला मुलं नेणार आहे, दादा. घाटात इंजिन जाम झालं तर?"

"तू फार मनाला लावून घेतेस."

मी गिऱ्हाइकाला फोन करून खरे सांगितले. तेव्हापासून दादाचा अबोला आहे. सोमवारी मी उठले नाही, तर तो दुसरे गिऱ्हाईक आणेल.

४. म्हणून ट्रक श्रीनिवास यांना नाही. त्यांची मुलगी उत्कर्षा हिला. ती म्हणाली, "आत्या, मला ट्रक चालवता येत नाही."

"खोटं बोलून खपवता येतो?"

"छे."

"मग तुझ्याच नावावर."

संपतने इंजिन उघडून तेलाच्या वाटा साफ कराव्यात. झाल्या नाहीत, तर ट्रक मोडीत घालावा. आहे तसा कोणाच्याही हाती देऊ नये.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण ॲड. तेजस्विनी रानडे हिने करावी.

६. श्रीनिवास यांना माझ्या मिळकतीतून काहीही नाही. सोमवारी ऑपरेशन थिएटरबाहेर मात्र तेच बसलेले असतील, आणि कोणी सांगितल्याशिवाय उठणार नाहीत. बाबांच्या वेळीही उठले नव्हते. उत्कर्षाने त्यांना चहा नेऊन द्यावा, आणि हा कागद त्यांचा चहा संपल्यावरच दाखवावा.

लिहून देणार: वल्लरी हिंमतराव दांगट (सही)

आम्हा दोघांसमोर वल्लरी यांनी हे वाचून सही केली:
१. दशरथ बबन निंबाळकर, कात्रज (सही)
२. पूर्णिमा अरविंद केतकर, नारायण पेठ (सही)

पुणे, शनिवार, २३ ऑगस्ट २०२५