लसींच्या फ्रीजवरची चिकटपट्टी

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढणार, म्हणून म्हणत नाही.

इथे एक पेच पडलाय, आणि तोही नेमका तुझ्या मैत्रिणीचा. पेन्सिलमावशींनी लसींच्या फ्रीजच्या भोंग्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. फ्रीज आतून गरम झाला की तो वाजतो. त्यांच्या मते मेला उगाच कोकलतो. परवा लसी खरंच कोमट झाल्या होत्या. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, गप गं शहाणे, आणि त्याच टोचायला निघाल्या. हातातून पडल्या, फुटल्या असं सांगून मी त्या बाजूला काढल्या. पण असं रोज किती खोटं बोलू?

दवाखान्यात तक्रारीसाठी एक फोन नंबर आहे. नाव सांगावं लागत नाही. तो लावू का? नोकरी त्यांनीच लावली, बाळाला कळणारही नाही अशी सुई टोचायला त्यांनीच शिकवलं. डॉक्टरीणबाईंसमोर त्यांचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.
तुझी चिमणी

७ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहाचं गार पाणी झालं. कॉन्व्हेंट शाळेत गणिताच्या तासाला सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की पेन्सिल मला कोपरानं ढोसून उत्तर सांगायची. तुझी आई आजारी असताना तुला हात दिला तोही तिनंच. ते उपकार माझ्यावर आहेत, मी फेडीन. तू ते बाळांच्या दंडांवर फेडू नकोस.

फोनचं मात्र पटत नाही. मोठ्या कारखान्यात ठीक आहे. तुमच्या खोलीत तुम्ही दोघी आणि झाडणाऱ्या बाई. पेन्सिल संशय त्या बाईंवरच घेणार, आणि तिच्या तोंडाचा पट्टा तू जाणतेस. आधी तिला सांग, मग लगेच डॉक्टरीणबाईंना, स्वतःच्या नावानं. तिनं असं का केलं तेही विचार. आळशी ती कधीच नव्हती. पत्र मिळेल त्याच दिवशी जा. भीती वाटली तर भीत भीत जा.

माझी माया तुझ्या पाठीशी आहे.
मावशी

२० फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या भाचीनं माझी तक्रार केली. सल्ला तुझाच असणार, वळणावरूनच ओळखलं. आधी मला सांगितलं. मी नाही नाही ते बोलले, खाल्ल्या घरचे वासे मोजतेस म्हणाले. पोरगी रडली, आणि डोळे पुसत आत डॉक्टरीणबाईंकडे गेली.

फ्रीजचं काम आता माझ्याकडे नाही. ज्या बाळांना आधी अशा कोमट लसी टोचल्या असतील त्यांना पुन्हा बोलावलंय. त्यांच्या आया बघतात तेव्हा मान खाली जाते. जायलाच हवी.

पण ढब्बू, फ्रीज बिघडलाय, बदला, असं मी डॉक्टरीणबाईंना दोनदा सांगितलं होतं. बघू म्हणाल्या. मग मी सांगणंच सोडलं आणि उगाच कोकलतो म्हणत पट्टी लावली. भांडताना पोरीनं कारण विचारलं, तेव्हा हे तिच्या अंगावर फेकलं होतं मी. आत जाऊन तिनं माझ्या चुकीबरोबर तेही सांगितलं. बाईंनी मला बोलावून माफी मागितली. नवा फ्रीज आला. इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं असं कुणी बोललं नव्हतं गं.

तिच्याशी अजून धड बोलणं नाही. आभार मानायला जाते आणि तोंडातून दटावणी निघते. एकाच खोलीत बसून तुझ्यामार्फत निरोप धाडतेय, हस हवं तर. पण तिला कळव, दुपारी डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बस म्हणावं.

राग नाही, लोभ मात्र दुप्पट.
तुझी पेन्सिल