सील मी तोडलं

अप्पा, काल मी चोरीचा खेळ चालवला आणि दुपारभर खेळत बसले. तुम्ही गेलात तेव्हा असले खेळ सोलापुरात कुणी पाहिले नव्हते, म्हणून आधी सांगते. सिनेमाच्या पडद्याचा लहानसा तुकडा टेबलावर ठेवावा तसं एक यंत्र असतं, आणि आपण सांगू तसं त्यातलं चित्र हलतं. माझ्या खेळात एक उघडा डोंगर आहे. त्यावर चर खणायचे, पाणी अडवायचं, खालच्या गावापर्यंत न्यायचं. नोकरी संपल्यावर मी तो दुकानातून रीतसर विकत आणला. चार वर्षं रोज सकाळी तासभर खेळून मी तिथं दोन तळी बांधली आणि एक गाव वसवलं. हसू नका. तुम्ही चादरीवरच्या एका मोरावर चार महिने घालवले होते.

हा खेळ सुरू होण्याआधी दर वेळी तारेवरून कंपनीला विचारतो, ही बाई खरी गिऱ्हाईक आहे ना. कंपनी हो म्हणाली की खेळ उघडतो. कुणी नक्कल चालवू नये म्हणून ही व्यवस्था. गेल्या महिन्यात कंपनीनं जुन्या खेळांना उत्तर देणं बंद केलं. माझा खेळ विचारत राहतो आणि पलीकडे कुणी नसतं. तळी आत, मी बाहेर. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की आपण खेळ विकत घेतलेला नसून तो वापरण्याची परवानगी घेतली होती. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला तुमचा आवाज ऐकू आला.

जुळे सोलापुरात माझ्या घराखाली संगणक दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. त्याच्याकडे गेले. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "काकू, तुमी इकत घेतला हीच चूक झाली बघा."

"म्हणजे?"

"फुकटचा घेतला असता तर चालला असता की. चोरांनी ते विचारायचंच काढून टाकलंय. अर्धी गल्ली खेळतीय. अडकलाय तो तुमचा एकटीचा. पावतीवाला."

"मग पावती दाखवते त्यांना."

"कुणाला? तितं कोण बसलंय?"

दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष आठवा, अप्पा. मी एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही चादरींची डिझाइनं काढता आणि पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून ती मागवाल्यांना विकता. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक खेप; शेकडो पत्ते दोरीनं ओवले की मागावर मोर उमटतो. भोकं पाडायच्या यंत्रावर मी दोन वर्षं तुमच्या शेजारी बसते. बोटं कळांवर, पाय पट्टीवर. मला दुसरं काही करायचं नसतं. आदल्या वर्षी तुमची वेलबुट्टी कुणीतरी उचलली होती आणि तुम्ही आठवडाभर नीट जेवला नव्हता. म्हणून मोराचे पत्ते विकताना, माळ सोडून कुणी त्यांची नक्कल करू नये यासाठी, तुम्ही दोरीच्या गाठींवर लाख ओतली आणि तिच्यावर तुमचा शिक्का दाबला. पत्ता फाटला तर सगळी माळ तुमच्याकडे आणायची. सील तुटलेलं दिसलं तर त्या मागवाल्याला पुन्हा दारात उभं करायचं नाही. "पत्ते त्यांचे, गाठ माझी," तुम्ही म्हणायचात.

तुम्ही आणि आई अक्कलकोटला लग्नाला गेला होतात. चार दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्व भागातली ती विधवा मागवाली आली. दोन मागांची मालकीण, घरात तेलुगू, बाहेर आपली मराठी. डोक्यावर पत्त्यांची माळ, हातात फाटक्या पत्त्याचे दोन तुकडे.

"मास्तर न्हाईत? मग कवा येणार?"

"परवा."

"परवा येऊन काय करतेत? व्यापारी उद्या माल उचलणार हाय. दर मोराच्या मानेवर चट्टा पडतोय. मान मोडलेला मोर कोण घेतंय, तूच सांग." मग माळ उतरवून ती पायरीवर बसली. "फुकट मागाय आले न्हाय, पोरी. इकत घेतलंय. इकत घेतल्यावर बी मास्तरची वाट बघायची, तर मग म्या घेतलं काय?"

मी तिला आत घेतलं. अडकित्त्यानं लाख फोडली. तुकडे शेजारी ठेवून, त्यांची भोकं पाहत नवा पत्ता मारला आणि माळ पुन्हा ओवून दिली. दुपारी तिचा माग सुरू झाला.

तुम्ही आलात तेव्हा मी स्वतःच सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. टोपी खुंटीला लावलीत आणि म्हणालात, "ही चोरी हाय. चोरानं निदान बाहिरनं यावं." यंत्रावर कापड घातलंत. "आता हितं बसायचं न्हाय."

महिन्याभरात तुमचा मोर बाजारात आला, दुसऱ्याच्या चादरीवर. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी ती चादर विकत आणली आणि धागे मोजायची काच लावून दोन दिवस पाहत बसले. मोराच्या पिसाऱ्यातून एक बारीक उभी रेघ जात होती आणि पिसाऱ्याबाहेर थांबत होती; नक्कल करणाऱ्याचाच माग बिघडला असता तर ती चादरभर गेली असती. तुमच्या पत्त्यांत ती नव्हती. ती कुणाच्या तरी मागाची खोड होती. धागा उचलणारा एक आकडा अडकलेला, म्हणून एक धागा कधीच न उचलला जाणारा. नक्कल करणाऱ्यानं तसल्या मागाची चादर आणली, धागे मोजले आणि ती खोडही डिझाइन समजून मोजली. त्यानं तुमची माळ पाहिलीही नव्हती. सील त्याच्या वाटेत कधी आलंच नाही. ते आलं फक्त त्या मागवालीच्या वाटेत.

मी काच तुमच्या हातात दिली. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं, अप्पा. तुमच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. आणि तुम्ही म्हणालात, "दार लावून बी चोर आला, म्हणून दार काढून ठिवतात व्हय?"

त्याचं उत्तर आता देते. दार तुमच्या घराला लावा. तुम्ही ते तिच्या घराला लावलंत आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवलीत. मग तुम्ही अक्कलकोटला गेलात. पुढं दोन वर्षांनी तर कायमचे गेलात, आणि सोलापुरातल्या किती माळांच्या गाठींवर तुमचा शिक्का तसाच राहिला. त्या मागवाल्यांनी कुणाला विचारायचं होतं?

यंत्रावर मला तुम्ही पुन्हा बसू दिलं नाहीत. मी कॉलेजात गेले, साहित्य शिकले, तेच शिकवलं. लोक म्हणतात, बरं झालं. मला तसं वाटत नाही. मला पत्ते मारायचे होते.

दुकानदारानं काल चोरांचा खेळ माझ्या यंत्रात घातला. गाव माझ्याच यंत्रात साठवलेलं होतं, ते तसंच निघालं. तळ्यात पाणी होतं. मला लाज वाटली नाही, आणि तुम्ही समोर असतात तरी वाटली नसती.

तुम्ही समोर नाही, आणि हे कागद कुठं टाकायचे असतात ते मला माहीत नाही. एक मात्र लिहून टाकते. त्या दिवशी मी एकच पत्ता मारला असं तुम्हाला सांगितलं. मी बारा मारले. जे आधी फाटतात ते निवडून जास्तीचे अकरा मारले आणि तिच्या पिशवीत घातले, तिला पुन्हा तुमच्याकडे यावं लागू नये म्हणून. ती निघताना म्हणाली, "मास्तरला सांगू नगं." खोटं बोलले, ते चुकलं. अकरा पत्ते मी आजही मारीन.