अकोल्याच्या बदलीएवढा वेळ

नगर,
बुधवार

प्रिय यशयामामा,

इमॅन्युएलचा सलाम. गुडघा कसा आहे? पुणतांब्याला नदीचं वारं असतं, पायात मोजे घालत जा. इकडे सगळे बरे आहोत, माझ्या हातावरचे फोड सोडून. त्याबद्दलच लिहितो आहे.

येत्या रविवारी आईला जाऊन वर्ष होईल. प्रार्थनेनंतर जेवण ठेवलं आहे. पपांचं म्हणणं, मटण-भात सगळेच करतात. मरियाच्या आठवणीला मरियाचं कांद्याचं सूप हवं. (तेच, फ्रेंच. चौथीला शिकवणाऱ्या आईने ते एका मासिकातून उचललं आणि त्यावरचा पाव-चीज भाजायला ओव्हन घेतला, तेव्हा आपल्या अख्ख्या मंडळीत कुणाकडे ओव्हन नव्हता. शेजारच्या केशरबाईंनी पहिल्याच वाटीत भाकरी कुस्करली. आईने त्यांना अडवलं नाही. पुढच्या वेळी स्वतःच्या वाटीत कुस्करून पाहिली.)

तिची वही काढली. लोणी, मिरी, तमालपत्र, सगळं चमच्याने मोजून लिहिलेलं. वेळेपाशी मात्र मिनिटं नाहीत. तिथे लिहिलं आहे: ‘कांदा मंद आचेवर, यशयाची अकोल्याच्या बदलीची गोष्ट संपेपर्यंत परतावा.’

ती गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे असा आमचा समज होता. शनिवारी मी कढई ठेवली आणि सांगायला लागलो. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला नेमणूक, जीप चिखलात रुतली, ट्रंक भातखाचरात गेली, शाळेच्या पटावर चाळीस मुलं आणि वर्गात एक शेळी. नऊ मिनिटं. कांदा पांढराच. तुमची भाची नॅन्सी म्हणाली, “तू गोष्ट नाही सांगत, बातम्या देतोयस.” मग तिने सांगितली, ट्रंकेत काय काय होतं त्याच्यासकट. बावीस मिनिटं, कांदा गुलाबी.

रविवारी पपांनी उलथनं हातात घेतलं. जीपपाशी आले आणि थांबले. “जीप नव्हतीच. एस.टी. होती. तुझा मामा पहिल्यापासून फेकतो.” त्या रस्त्याला तेव्हा एस.टी. जात होती का, यावर आमचं वाजलं. (पपा वर्षभरात पहिल्यांदाच मनापासून भांडले. नंतर दोन भाकरी जास्त जेवले.) दरम्यान कांद्याचा कोळसा झाला आणि कढई उतरवताना मला फोड आले.

घड्याळ लावून का केलं नाही, असं विचाराल. तेही केलं. मोबाईलवर पंचेचाळीस मिनिटं सांगतात. सूप चांगलं झालं. पपांनी दोन चमचे घेतले, “हॉटेलात खपेल,” म्हणाले आणि वाटी सरकवली.

फोनवर तुम्ही हल्ली ‘बरंय, ठेवतो’ एवढंच म्हणता, म्हणून पत्र. तक्रार नाही. गोष्ट कागदावर उतरवून पाठवलीत तर आम्ही कढईपुढे मोठ्याने वाचू.

तब्येतीला जपा.

तुमचा,
इमॅन्युएल

ता. क. कागदावर उतरवू नका. हे पत्र आणणारा तुमच्या गल्लीतला भागवत रविवारी पुन्हा टेम्पो घेऊन नगरला येणार आहे. सकाळी सहाला तो तुमच्या दारात उभा राहील. त्याला तसं बजावलं आहे. तिच्याशिवाय त्या स्वयंपाकघरात बसून मी कुणाशी बोलू, असं तुम्ही नॅन्सीला म्हणालात. कांद्याशी बोला. परतायला मी आहे. पपांना बाहेर बसवू.

ता. क. दुसरा. नॅन्सीने आत्ता दाखवलं. वहीच्या त्याच पानावर खाली, वेगळ्या पेनाने, आईच्या अक्षरात: ‘यंदा गोष्टीत बिबट्या आला. कांदा अर्धा किलो वाढवावा. खरं का, ते विचारू नये. आच बारीक करावी.’