सकाळची उजळणी

४ जानेवारी, सोमवार

थोबाडीत! पहिल्याच दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत, बापाच्या वयाच्या माणसाला थोबाडीत! आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या!

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. कंपनी व्हॅक्यूम क्लीनर विकते. दारोदार जायचं, डेमो द्यायचा, ऑर्डर आणायची. कॉलेजने इंटर्नशिपला इथे पाठवलंय — दोन महिने, सहा क्रेडिट. सकाळी सगळ्यांना गोल उभं करतात. काल कोणी किती मशीन विकल्या ते साहेब वाचून दाखवतात. ज्याची सगळ्यात कमी, तो मधे. ज्याची सगळ्यात जास्त, तो पुढे येऊन त्याला एक ठेवून देतो. ह्याला इथे ‘उजळणी’ म्हणतात.

आज मधे काका होते. त्यांना सगळेच काका म्हणतात. मिशा पिकलेल्या, गुडघे कुरकुरणारे. मारणारा तोफ — आवाजावरून पडलेलं नाव, आडदांड आहे नुसता. काकांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, गाल पुढे केला. असा आवाज आला की माझ्या दाढेतून कळ गेली. आणि वर काका म्हणतात, “थँक यू.” थँक यू!!

साहेब माझ्याकडे बघून गोड हसले. “घाबरू नकोस. इथे बाई-पुरुष नाही, लहान-मोठा नाही. इथे फक्त आकडा बोलतो.”

५ जानेवारी

कॉलेजातल्या गाईड सरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणे, “प्रत्येक कंपनीचं एक कल्चर असतं. रिपोर्टमध्ये छान चॅप्टर होईल.”

मी म्हटलं, सर, मारतात!

“तुला मारलं का?”

नाही.

“मग?”

मग डोंबल! पण पुढचं मात्र सरांनी आवाज खाली आणून सांगितलं. माझं एक वर्ष आधीच गेलंय. ही सहा क्रेडिट हुकली तर कॉलेजातून नावच कटेल, डिग्री विसरायची. “मग माझ्या हातात काही नाही. कंपनीच्या माणसाकडून ‘समाधानकारक’ अशी सही आण. बस्स.”

म्हणजे माझी मानगूट साहेबांच्या हातात.

८ जानेवारी

धूळ आम्ही आमचीच नेतो! पिशवीत भरून. लोकांच्या सोफ्यावर ओतायची, घरातलं माणूस किंचाळलं की मशीन लावून शोषून घ्यायची. काकांबरोबर शिकायला गेले. एका गृहस्थाने धूळ पडल्या पडल्या मशीनला अशी लाथ घातली की पाइप जिन्यावरून गडगडत खाली. मग काकांची कॉलर धरली आणि डोकं चौकटीवर आपटलं. दोनदा. मी मधे पडले तर मलाही कोपर लागलं.

मी पाइप गोळा करून आणला. म्हटलं, काका, पोलिसात जाऊ. काका कॉलर सारखी करत म्हणाले, “कशाला? आवाजाने शेजारीण दारात आलीय बघ. आल्यासरशी तिला डेमो देऊ.”

आणि शेजारणीने घेतली की मशीन! काकांच्या कपाळातून रक्त येतंय, आणि ही विचारतेय, “पडद्यांवर पण चालतं का हो?”

११ जानेवारी

आज मधे मी.

ठरवलं होतं — हात लावला तर चावेन. काही चावले नाही. खांबासारखी उभी राहिले. तोफने मारलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “थँक यू.” ह्याचाच राग सगळ्यात जास्त आला. गालाचं सोडा, ती माझी जीभ उपटावीशी वाटली.

घरी आईने गाल बघितला. म्हटलं, दार लागलं. “दाराला बोटं असतात का?” म्हणाली. मी हातातला पेला भिंतीवर फेकला. रंगाचा टवका उडाला. आई फडकं घेऊन पाणी पुसत बसली. हे जास्त लागलं.

१२ जानेवारी

एकही नाही विकली, पण काकांचीही नाही विकली गेली. समान आकडा झाला तर वयाने मोठा मधे जातो. मी सुटले. सुटले असं मी मनात म्हटलं, हे लिहून ठेवते.

१९ जानेवारी

काल तीन मशीन! एका दिवसात! युक्ती सापडलीय — धूळ सोफ्यावर नाही, पोरांच्या गादीवर ओतायची. आया लगेच सही करतात. तोफचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग उजाडलं आणि लक्षात आलं, पहिली म्हणजे मारणारी मी. मधे काका.

हळूच मारली. साहेब म्हणाले, “ही थोबाडीत की गालगुच्चा? परत.” परत मारली. “परत.” सगळे हसायला लागले. तिसऱ्या वेळी डोळे मिटून, दात खाऊन दिली. कोणावरचा राग होता कोण जाणे, पण बसली काकांना. ते दोन पावलं मागे गेले, टेबलाचा कोपरा बरगडीत घुसला.

दुपारी जिन्यात बसलो होतो. काकाच मला समजावत होते. “पहिलीच जोरात द्यायची गं. उगाच दया करतेस आणि मला तीन-तीन खायला लावतेस.” म्हटलं, काका, सोडून का देत नाही ही नोकरी? तर म्हणे, “ह्या वयात कोण उभं करणार दारात? इथे निदान रोज नाव तरी वाचतात.”

२९ जानेवारी

ह्या आठवड्यात चार वेळा मी पहिली. हाताला सवय झालीय. पंजा कसा ठेवला की आवाज मोठा येतो आणि लागतं कमी, ते कळलंय. साहेबांनाही कळलंय. आज म्हणाले, “नाटक नको,” आणि माझं मनगट पिरगाळून काकांच्या नाकावर आपटलं. नाकातून धार. काकांनी हातरुमाल आधीच काढून ठेवला होता.

साहेबांचं थोबाड फोडावंसं वाटतं. ते लोखंडी टेबल उचलून डोक्यात घालावंसं वाटतं. आणि मग सही. सही, सही, सही! मूग गिळून बसते.

३ फेब्रुवारी

सुचलं! इतकं सोपं, आधी का नाही सुचलं? आज माझ्या दोन ऑर्डर आल्या. दोन्हींवर विकणाऱ्याच्या जागी काकांचं नाव घातलं. उद्या काका मधे नसतील. काकांना सांगितलं तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. “पोरी, देव तुझं भलं करो.” बसमध्ये गाणं गुणगुणत आले. आई म्हणाली, “आज स्वारी खुशीत दिसतेय!”

४ फेब्रुवारी

कान. नंतर लिहीन.

६ फेब्रुवारी

अजून डोकं हललं की आत शिट्टी वाजते. तरी लिहिते.

अक्कल गहाण ठेवली होती मी. दोन्ही ऑर्डर दिल्या, स्वतःकडे एकही ठेवली नाही. आणि त्या दिवशी तोफसकट सगळ्यांची एकेकच गेली होती. साहेबांनी वाचलं — पहिले काका. शेवटची मी. सगळ्यांनी काय शिट्ट्या मारल्या! काकांना ढकलत ढकलत पुढे आणलं. मी डोळ्यांनी खुणावलं, चालेल, मारा. चष्मा काढायचीही गरज नव्हती त्यांना. तो मात्र त्यांनी सवयीने काढला.

मला वाटलं होतं हळू मारतील.

वर्षभर खाल्लेली एक न् एक त्या हातात होती. मी आडवी झाले, डोकं फरशीवर. वर बघितलं तर काकांनी दुसरा हात उचललेला! डोळे भलतेच. तोफने त्यांना मागून कव घालून ओढलं, तरी लाथा झाडत होते. साहेब टाळ्या वाजवत होते. “ह्याला म्हणतात उजळणी!”

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. “कोणी केलं?” मी म्हटलं, पडले. आईने डॉक्टरांसमोरच कपाळ बडवून घेतलं.

९ फेब्रुवारी

काका घरी आले. आत येईनात, जिन्यातच उभे. हात जोडले. “कसा उठला हात कळलंच नाही, पोरी. मी नव्हतोच तो.” रडले. मी पण रडले. आईने पाणी दिलं, ते घटाघटा प्यायले. मला वाटलं, चला, मनातली अढी गेली.

जाता जाता पायरीवर थबकले. माझ्या उजव्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “तू परत आलीस की अधूनमधून एखादी ऑर्डर माझ्या नावावर... जमेल का?”

दार लावून घेतलं. हाताची मूठ वळली ती रात्रीपर्यंत सुटली नाही.

१५ फेब्रुवारी

परत हजर. आई म्हणाली, “जीव गेला तरी चालेल, पण क्रेडिट हवीत तुला!” ताडकन म्हटलं, हो! हवीत! अर्ध्यावर सोडलं तर सगळंच पाण्यात, मग हा कान कशासाठी घालवला?

पुढच्या आठवड्यात गाईड सर बघायला येणार. त्यांच्यासमोर सही होणार.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या कॉलेजची एक मुलगी आलीय. नवी. बडबडी आहे, सारखं “म्हणजे काय, म्हणजे काय” विचारते. उजळणी बघून तिला उलटी झाली. काका तिला म्हणाले, “होईल सवय.” मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर बुक्की मारली. बोटं सुजली. भिंतीला काय फरक पडतो!

२३ फेब्रुवारी

केलं!

क्रमाने लिहिते. गाईड सर आले, कोट घालून. साहेबांनी चहा दिला, खुर्ची दिली. “सर, आमचं मोटिव्हेशन बघा.” गोल झाला. काल पहिली मी — चार मशीन, मुद्दाम जीव तोडून विकल्या होत्या. मधे नवी. सर कपात चमचा ढवळत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ते कपाकडे बघत होते.

साहेब म्हणाले, “चल, दे.”

मी म्हटलं, साहेब, काल हिची किती?

“शून्य.”

आणि तुमची किती?

“माझी?”

तुम्ही काल किती मशीन विकल्यात? परवा? दोन महिन्यांत एक तरी? इथे लहान-मोठा नाही ना? आकडा बोलतो ना? समान आकडा, मग वयाने मोठा कोण?

आणि दिली! पंजा उघडून, खांद्यापासून! ऑफिसभर आवाज घुमला. माझ्या डाव्या कानालासुद्धा ऐकू आल्यासारखा वाटला. साहेब आपल्या खुर्चीसकट खाली गेले. टाळी एकच वाजली — नवीने वाजवली.

मग त्यांनी मला केसांना धरून टेबलावर घातलं. ओठ फाटला, एक दात हलतोय. मी पण सोडलं नाही, बोचकारलं, बोट चावलं, हाडापर्यंत. तोफ म्हणे, “सोडा साहेब, मरेल ती.” काका भिंतीला चिकटून उभे होते. सर कप हातात धरून दाराकडे सरकत होते. सांडला नाही हो त्यांचा चहा, वाह!

बरं वाटतंय. तोंडातून रक्त येतंय आणि खदाखदा हसू येतंय.

२४ फेब्रुवारी

सरांचा फोन. ‘असमाधानकारक.’ सहा क्रेडिट गेली. नाव कटण्याचं पत्र महिनाभरात येईल म्हणाले. “हात उचलणं बरोबर नव्हतं. तिथे शिकायला पाठवलं होतं तुला.” मी म्हटलं, सर, तेच शिकले. ठेवला फोन.

नवीने कळवलं, आज उजळणी झाली नाही. साहेब आले, केबिनमध्ये गेले, दार लावून बसले. डिग्री गेली तर गेली. निदान ते बंद पडलं. आईला सांगितलं. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “बरं केलंस.”

२६ फेब्रुवारी

जाहिराती बघितल्या. सगळीकडे डिग्री मागतात. दुकानात उभं राहायलासुद्धा. तीन ठिकाणी ओठाकडे बघूनच नाही म्हणाले.

१ मार्च

काकांचा फोन. साहेबांनी त्यांना सुपरवायझर केलं. इंटर्नच्या कागदांवर सही आता त्यांची. उजळणी आजपासून परत सुरू, तीही तेच घेणार. “तुझी क्रेडिट कुठे जात नाहीत, पोरी. तुझ्या सरांशी बोललोय मी. फक्त एकदा मधे उभी राहा, साहेबांच्या हातची एक खा, की मिटलं. डाव्याच बाजूला मारा म्हणून सांगून ठेवलंय. चांगला कान सांभाळू तुझा.”

मी विचारलं, किती वाजता येऊ?