सहावी फ्लॉपी

५ फेब्रुवारी २००७

आकांक्षानं आज माझं कपाट आवरायला काढलं. न विचारता! भावाची लेक, कॉलेजसाठी माझ्याकडं राहते, तर घराची मालकीणच झाली. ‘आत्या, ह्या फ्लॉप्या काहून ठेवल्या? फेकू का?’ पाच आहेत. रत्नपाल सरांच्या अक्षरात आकडे, एक ते पाच. खबरदार, म्हटलं.

सहावी आलीच नाही.

६ फेब्रुवारी

२००१ ची गोष्ट. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. सर माझ्याच शाळेत विज्ञानाचे, तेही निवृत्त होऊन सेनगावला. दर गुरुवारी जीपनं हिंगोलीला यायचे, रुमालात एकच फ्लॉपी. जीपच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, त्यानं फ्लॉपी पुसली जाईल म्हणून सगळा रस्ता हात खिडकीकडं धरून. ‘म्याडम, शाळेच्या आठवणी लिहिल्या. फाईल लई मोठी. दाबून बारीक केली तरी एकीत माईना. सहा तुकडे केले. सगळे जमल्याबिगर उघडायची न्हाई.’ मग खर्र-खर्र करत तो तुकडा माझ्या संगणकात उतरायचा. सोबत दोन चहा, आणि शाळेतल्या निम्म्या माणसांची खरडपट्टी. छान गुरुवार होते ते.

पाचव्या खेपेला त्यांनी वाचनालयासाठी लिहिलेला इंग्रजी अर्ज दाखवला. मी लाल पेनानं अठरा चुका काढल्या – कॉन्व्हेंटात शिकल्याची खोड. सर गेले ते गेलेच. इतका राग? चुका त्यांच्या होत्या, माझ्या नव्हे.

९ फेब्रुवारी

आकांक्षानं परस्पर फोन लावला. सर म्हणाले म्हणे, ‘सहावी हाय की. म्याडमनं मागितलीच न्हाई.’

मी का मागावी? ज्याचा तुकडा त्यानं आणावा.

१० फेब्रुवारी

मागितली.

११ फेब्रुवारी

सर आले, सहावी रुमालात. केस पार पांढरे. बसल्या बसल्या म्हणाले, ‘अठरा न्हाई, सतराच चुका होत्या. एक तुमची.’ सहा वर्षं मोजत बसला होता हा माणूस! वाद घातला. चार चहा झाले. जीपची वेळ झाली तेव्हा ध्यानात आलं – फाईल उघडायची राहूनच गेली.

१२ फेब्रुवारी

सकाळी आकांक्षानं सहाही तुकडे जोडले. फाईल उघडली. दीड पान. ‘आत्या, सगळ्या फ्लॉप्या रिकाम्यागत हायेत. हे एकीत आरामात मावतं.’

सरांना फोन केला, जाब विचारला. म्हणाले, ‘सेनगावहून उगाच कसं यावं, म्याडम?’

पुढच्या फाईलचे बारा तुकडे करा, म्हटलं.